मद्यपान करून वाहन चालविणे : श्वासचाचणी व रक्तचाचणी यांतील निवड – एक चिकित्सक विवेचन

सारांश

मद्यपान करून वाहन चालविल्याचा संशय आल्यास पोलिसांसमोर मुख्यतः दोन चाचण्यांचे मार्ग असतात : रस्त्यावरच घेतली जाणारी श्वासचाचणी आणि डॉक्टरांकरवी नमुना घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी रक्तचाचणी. या दोहोंपैकी कोणती चाचणी 'अधिक अचूक' असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की हा प्रश्नच अपुरा आहे. श्वासचाचणी काळाच्या ओघात पुरावा नष्ट होण्यापासून संरक्षण देते, तर रक्तचाचणी फेरतपासणीची संधी देते. एक चाचणी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये या दोन चाचण्यांचा क्रम आखून दिलेला आहे. मात्र दुसऱ्या चाचणीची मागणी करण्याचा हक्क वाहनचालकाला दिलेला नाही. ही उणीव का दूर व्हावी, याचे विवेचन शास्त्रीय, विधिविषयक व तुलनात्मक अंगांनी येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्वासविश्लेषक, रक्तातील मद्यार्क, मोटार वाहन अधिनियम, पुराव्याची ग्राह्यता, फेरतपासणीचा हक्क.

१. प्रस्तावना

मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ सालापासून मद्यपी वाहनचालकांविरुद्धची मोहीम तीव्र केली. त्यानंतर नाकाबंदी, पोलिसाच्या हातातील लहानसे यंत्र आणि त्यात फुंकर घालणारा वाहनचालक हे दृश्य शहरी महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. एकतीस डिसेंबरच्या रात्री तर ते ठरलेलेच असते. परंतु त्या फुंकरीचे विधिमूल्य काय, यंत्राने दाखविलेला आकडा मान्य नसल्यास काय करता येते, रक्त देण्यास नकार देता येतो काय, हे प्रश्न सुशिक्षित वर्गातही पुरेसे स्पष्ट नाहीत. 'फुंकू नये, रक्तच द्यावे' किंवा 'काहीच देऊ नये' असे सल्ले परस्परांना सर्रास दिले जातात. त्यांतील बहुतेक सल्ले शास्त्राला धरून नाहीत आणि कायद्यालाही धरून नाहीत.

या विषयात दोन हितसंबंध गुंतलेले आहेत. एका बाजूस रस्त्यावरून चालणाऱ्या, पदपथावर झोपणाऱ्या निरपराध माणसाचा जीव आहे. दुसऱ्या बाजूस मर्यादेच्या आत असूनही यंत्राच्या दोषामुळे गुन्हेगार ठरण्याची शक्यता असलेला नागरिक आहे. कोणत्याही चाचणीपद्धतीचे मूल्यमापन या दोन्ही बाजूंनी झाले पाहिजे.

२. मद्यार्क, रक्त आणि श्वास

प्राशन केलेल्या मद्यातील इथिल अल्कोहोल, म्हणजेच मद्यार्क, काही अंशी जठरातून व मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो. पोट रिकामे असल्यास शोषण जलद होते. भरलेले असल्यास मंद होते. रक्तातील प्रमाण एका शिखरापर्यंत वाढत जाते आणि नंतर यकृताच्या कार्यामुळे कमी होऊ लागते. ही घट सर्वसाधारणपणे ताशी प्रति १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम असते. व्यक्तीपरत्वे ती १० ते २५ मिलिग्रॅमपर्यंत आढळते. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रक्रियेचे गणित मांडले आणि आजही न्यायवैद्यक गणनेचा पाया तोच आहे.

फुप्फुसातील वायुकोशांत रक्त व हवा यांचा अगदी निकटचा संपर्क येतो. बाष्पशील पदार्थाचे द्रवातील व त्यावरील हवेतील प्रमाण ठरावीक तापमानास एका निश्चित गुणोत्तरात असते, हा हेन्रीचा नियम येथे लागू पडतो. या आधारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क असतो तेवढाच एक मिलिलिटर रक्तात असतो, असे गृहीत धरले जाते. अनेक देशांतील यंत्रे हेच २१०० : १ गुणोत्तर वापरतात. ब्रिटनमधील मर्यादा मात्र सुमारे २३०० : १ या गुणोत्तरावर बेतलेली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये रक्तासाठी ८० मिलिग्रॅम व श्वासासाठी ३५ मायक्रोग्रॅम, दोन्ही प्रति १०० मिलिलिटर, अशी मर्यादा आहे, यावरून हे लक्षात येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. श्वासविश्लेषक रक्त मोजत नाही. ते श्वास मोजते आणि रक्ताविषयी अनुमान करते. भारतातील मर्यादा प्रति १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही आहे. २१०० : १ या हिशेबाने ती प्रति १०० मिलिलिटर श्वासात सुमारे १४.३ मायक्रोग्रॅम होते. समजा, एखाद्याच्या श्वासात १५ मायक्रोग्रॅम मद्यार्क आढळला. यंत्र त्याचे रूपांतर ३१.५ मिलिग्रॅम असे करील. त्या व्यक्तीचे त्या वेळचे प्रत्यक्ष गुणोत्तर १९०० : १ असेल, तर रक्तातील खरे प्रमाण २८.५ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत असेल. ते २३०० : १ असेल, तर खरे प्रमाण ३४.५ मिलिग्रॅम असेल. शोषण पूर्ण झाल्यानंतर बहुतेक व्यक्तींचे गुणोत्तर २१०० पेक्षा थोडे अधिक असते. त्यामुळे यंत्राचा कल सामान्यतः चालकाला अनुकूल असतो. परंतु शोषण चालू असताना श्वासाचे मापन शिरेतील रक्ताच्या तुलनेत अधिक येऊ शकते. शंभर किंवा दीडशे मिलिग्रॅम दाखविणाऱ्या चालकाच्या बाबतीत ही चर्चा निरर्थक होय. मर्यादेच्या काठावरील प्रकरणांत मात्र ती निर्णायक ठरते.

३. श्वासचाचणी : बलस्थाने व मर्यादा

श्वासावरून मद्यार्क मोजणारे पहिले व्यवहार्य यंत्र अमेरिकेत रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात पुढे आणले. १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केन्स्टीन यांनी 'ब्रेथलायझर' तयार केले. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाच्या रंगबदलावरून मापन होत असे. आजची हातात धरण्याजोगी यंत्रे बहुधा इंधनघटावर, म्हणजे 'फ्युएल सेल'वर चालतात. त्यात मद्यार्काचे विद्युत्-रासायनिक ज्वलन होऊन निर्माण होणारा प्रवाह मोजला जातो. ठाण्यात ठेवण्याच्या मोठ्या यंत्रांत अवरक्त किरणांच्या शोषणाचे तत्त्व वापरतात.

श्वासचाचणीचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे तत्परता. वाहन चालविण्याची कृती आणि मापन यांत काही मिनिटांचेच अंतर राहते. शरीरात सुई टोचावी लागत नाही, डॉक्टर लागत नाही, निकाल तत्काळ मिळतो व निरपराध चालक लगेच मार्गस्थ होतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली, तोंडातील मद्यार्काची. नुकताच घेतलेला घोट, मद्यार्कयुक्त गुळणीचे औषध, होमिओपॅथीचे अर्क किंवा आयुर्वेदातील आसव-अरिष्टे यांचा अंश तोंडात उरलेला असल्यास यंत्र फुप्फुसातील हवेऐवजी तोंडातील वाफच मोजते. ढेकर किंवा उलटी झाल्यासही हेच घडते. हा अंश साधारण पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून तेवढा वेळ चालकावर लक्ष ठेवून, काही खाऊ-पिऊ न देता चाचणी घेणे हा जगभर मान्य झालेला दंडक आहे. दुसरी मर्यादा अंशशोधनाची. ज्ञात प्रमाणाच्या वायूने यंत्र ठरावीक कालांतराने तपासले नाही, तर त्याचा आकडा विश्वासार्ह राहत नाही. प्रत्येक चाचणीपूर्वी यंत्राने कोऱ्या हवेसाठी शून्य दाखविणेही तितकेच आवश्यक आहे. तिसरी मर्यादा रासायनिक विशिष्टतेची. स्वस्त अर्धवाहक यंत्रे मधुमेही रुग्णाच्या श्वासातील अॅसिटोनलाही प्रतिसाद देऊ शकतात. इंधनघटाच्या यंत्रांत हा दोष सहसा आढळत नाही. चौथी मर्यादा आरोग्याची. २०२० मध्ये कोविडच्या संसर्गभयाने देशात अनेक ठिकाणी श्वासचाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र वेगळीच आहे. फुंकलेला श्वास उरत नाही. छापील पावती उरते, नमुना उरत नाही. त्यामुळे सहा महिन्यांनी न्यायालयात वाद उत्पन्न झाल्यास यंत्राची नोंदवही तपासता येते; तो श्वास पुन्हा तपासता येत नाही.

४. रक्तचाचणी : बलस्थाने व मर्यादा

रक्तचाचणी थेट आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतीने इथिल अल्कोहोल इतर बाष्पशील पदार्थांपासून वेगळे काढून मोजता येते. नमुना नीट राखल्यास त्याची फेरतपासणी शक्य असते. चालकाने मद्याऐवजी अन्य अमली पदार्थ घेतला असल्यास श्वासचाचणी निरुपयोगी ठरते. रक्तातून मात्र त्याचा शोध लागू शकतो.

परंतु रक्ताचा नमुना अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हात हा संशयाचे एक स्थान ठरू शकतो. महाराष्ट्रात या बाबतीत मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी) नियम, १९५९ मध्ये बारकाईने दक्षता सांगितली आहे. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावी, त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी, रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ देऊ नये, शिरेतून किमान पाच घनसेंटिमीटर रक्त घ्यावे, ते रक्त गोठू नये व टिकावे यासाठी योग्य द्रव्ये असलेल्या कुपीत भरावे, कुपीवर नाव लावून ती मोहोरबंद करावी व सात दिवसांच्या आत परीक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावी, असा त्यांचा आशय आहे. टीप वाटाव्यात अशा या सूचनांमागे ठोस कारणे आहेत. स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसल्यास नमुना दूषित झाल्याचा आक्षेप येतो. सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक नसल्यास आणि कुपी उष्ण जागी राहिल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने नमुन्यात मद्यार्क नव्याने तयार होऊ शकतो; झाकण सैल असल्यास असलेला मद्यार्क उडूनही जातो.

दुसरी मर्यादा वेळेची. पुढील हिशेब पाहावा. रात्री अकरा वाजता अडविलेल्या चालकाच्या रक्तात ४५ मिलिग्रॅम मद्यार्क होता व शोषण पूर्ण झालेले होते. पंचनामा, ठाणे, शासकीय रुग्णालय, तेथील रांग यांत दोन तास गेले आणि रात्री एक वाजता रक्त घेतले. ताशी १५ मिलिग्रॅम घट धरल्यास नमुन्यात १५ मिलिग्रॅमच आढळतील. अचूक चाचणीने अचूक उत्तर दिले. परंतु ते रात्री एक वाजताचे उत्तर झाले. कायद्याला अकरा वाजताचे उत्तर हवे होते. मागील प्रमाणाचे गणित मांडता येते, तथापि घटीचा वेग व्यक्तीपरत्वे बदलत असल्याने त्यावर बचाव पक्ष सहज प्रश्नचिन्ह उभे करू शकतो.

५. भारतीय कायद्याने आखलेला क्रम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ च्या मूळ रूपात रक्तातील मद्यार्काचे प्रमाण कितीही अल्प असले तरी तो गुन्हा होता. १९९४ च्या सुधारणेने प्रति १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक ही मर्यादा आली आणि ती 'श्वासविश्लेषकाच्या चाचणीत आढळलेली' असावी असे शब्द घातले गेले. या शब्दरचनेतून एक विचित्र स्थिती उद्भवली. रक्तचाचणीत मर्यादेच्या तिप्पट मद्यार्क आढळला, पण श्वासचाचणी झालीच नाही, तर कलम १८५ खालील गुन्हा सिद्ध होतो काय, असा युक्तिवाद न्यायालयांपुढे वारंवार येऊ लागला. २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने 'अथवा प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणत्याही चाचणीत' या आशयाची भर घालून तो वाद मिटविला. ही सुधारणा १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली. त्याच वेळी पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा पंधरा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

चाचण्यांचा क्रम कलम २०२ ते २०५ मध्ये आहे. कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी अथवा मोटार वाहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी, वाजवी संशय असल्यास, चालकास घटनास्थळी किंवा जवळपास श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. यंत्राने मद्यार्काचे अस्तित्व दाखविले, किंवा चालकाने नमुना दिला नाही व त्याच्या रक्तात मद्यार्क असल्याचा वाजवी संशय असला, तर त्यास विनावॉरंट अटक करता येते. अटकेनंतर ठाण्यात त्यास पुन्हा श्वासाचा नमुना देण्याची संधी द्यावी लागते. ही संधी चालकाच्या हिताची असूनही फारशी कोणाला ठाऊक नसते.

कलम २०४ हा दुसरा टप्पा होय. अटक झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत श्वासचाचणीने मद्यार्क दाखविला असेल, किंवा संधी देऊनही तिने चाचणी दिली नसेल, तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडे रक्ताचा नमुना देण्यास तिला सांगता येते. चालक स्त्री असून डॉक्टर पुरुष असल्यास दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती अनिवार्य आहे. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाकडून श्वासाचा नमुना मागण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळविणे आवश्यक आहे. उपचारास बाधा येईल असा त्यांचा आक्षेप असल्यास नमुना मागता येत नाही. कलम २०२ च्या परंतुकानुसार कलम १८५ खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत न झाल्यास त्यास मुक्त करावे लागते.

या क्रमातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. कायद्याने श्वासचाचणीला चाळणीचे व रक्तचाचणीला पडताळणीचे स्थान दिले आहे. पडताळणी करावयाची की नाही, हे मात्र पोलीस अधिकाऱ्याच्या इच्छेवर ठेवले आहे. चालकाने 'माझे रक्त तपासा' असे म्हटल्यास ते मान्य करण्याचे बंधन या कलमांत नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या मूळ कलम ५४ मध्ये अटक झालेल्या व्यक्तीस स्वतःच्या निर्दोषत्वाच्या पुराव्यासाठी वैद्यकीय तपासणी मागण्याचा हक्क होता. परंतु तो दंडाधिकाऱ्यांमार्फत बजावावयाचा होता आणि तासागणिक नाहीशा होणाऱ्या मद्यार्काच्या बाबतीत तो कागदावरच राहणारा होता. पुढे त्या कलमाचे स्वरूपच बदलले.

महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ चाही विचार करावा लागतो. त्याच्या कलम १२९-अ खाली मद्यप्राशनाचा संशय असलेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी व रक्तसंकलन करता येते आणि कलम ६६(२) नुसार रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे प्रति १०० मिलिलिटर ५० मिलिग्रॅम, किंवा अधिक मद्यार्क आढळल्यास सिद्धीचा भार आरोपीवर येतो. एकाच कुपीतील रक्तासाठी दोन अधिनियमांत दोन भिन्न आकडे व दोन भिन्न परिणाम आहेत. अहवाल वाचताना एककांचा गोंधळ होऊ नये, म्हणून हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

६. नकार दिल्यास काय?

'चाचणीच दिली नाही तर पुरावाच राहणार नाही' हा समज व्यापक आहे. तो तीन कारणांनी चुकीचा ठरतो. एक, नकारानंतरही कलम २०३ खाली अटक व कलम २०४ खाली रक्ताची मागणी होऊ शकते. दोन, कलम २०५ नुसार वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार हा अभियोग पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारी किंवा बचावाच्या पुराव्याचे खंडन करणारी परिस्थिती म्हणून गृहीत धरता येतो. तीन, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ५१ (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५३) अटक झालेल्या व्यक्तीची, रक्ततपासणीसह, वैद्यकीय तपासणी आवश्यक तेवढ्या वाजवी बळाचा वापर करूनही करू देते.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील 'स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती नाही' या हमीचा आधार येथे घेतला जातो. परंतु १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने भौतिक पुरावा देणे व साक्ष देणे यांत भेद केला. २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को चाचणीसारख्या पद्धतींना संमतीविना मनाई केली. तथापि भौतिक नमुन्यांविषयीचा भेद कायम राहिला. म्हणून नकार हा हक्क नसून एक धोका आहे, असेच म्हणावे लागते.

७. न्यायालयीन अनुभव

उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) या प्रकरणात कलम १२९-अ च्या चौकटीबाहेर, रुग्णालयात डॉक्टरांनी घेतलेले रक्त पुराव्यात वाचता येते काय, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते वाचता येते असे ठरविले. मात्र कुपी मधल्या काळात कोणाच्या ताब्यात व किती सुरक्षित होती, हा प्रश्नही त्याच प्रकरणात ऐरणीवर आला. बचुभाई हसनअल्ली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७१) या निकालाने दुसरे टोक दाखविले. तोंडाचा वास, अस्थिर चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणे एवढ्यावरून, रक्त किंवा लघवीची चाचणी न करता, मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढणे न्यायालयाने सुरक्षित मानले नाही. डोळ्यांनी दिसणाऱ्या लक्षणांना चाचणीची जोड लागते, हा त्याचा बोध होय.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईतील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली व सात जण मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणात चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला होता आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम ठेवली. याउलट, २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्रे येथील अपघात प्रकरणात प्रयोगशाळेच्या अहवालात ६२ मिलिग्रॅमची नोंद असूनही मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी अभिनेत्याची निर्दोष मुक्तता केली. रक्ताचा नमुना घेणे, राखणे व पाठविणे यांतील त्रुटी हे त्या निकालातील एक महत्त्वाचे अंग होते. दोन्ही प्रकरणांत रक्ताचाच पुरावा होता. एकात तो टिकला. दुसऱ्यात त्याच्या हाताळणीवर न्यायालयाचा विश्वास बसला नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात झालेल्या अपघातात दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना शासकीय रुग्णालयात बदलला गेल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी केलेल्या डीएनए तुलनेतून हा प्रकार उघडकीस आल्याचे पोलिसांनी सांगितले. आरोपांचा अंतिम निर्णय न्यायालयच देईल. परंतु या लेखाच्या दृष्टीने दोन गोष्टी उघड आहेत. घटनास्थळी तत्काळ घेतलेल्या श्वासचाचणीची नोंद असणे किती मोलाचे असते, ही एक. आणि दुसरा स्वतंत्र नमुना असला म्हणजे पहिल्याची सत्यता पडताळता येते, ही दुसरी.

८. निवडीचा हक्क : दोन परकीय उदाहरणे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अटकेनंतर चालकास श्वास किंवा रक्त यांपैकी एका चाचणीची निवड करता येते. लघवीची चाचणी साधारणपणे या दोन्ही उपलब्ध नसल्यासच येते. विशेष म्हणजे श्वास निवडणाऱ्यास अधिकाऱ्याने असे सांगावे लागते की यंत्र श्वासाचा नमुना राखून ठेवत नाही. पुढे फेरतपासणी व्हावी असे वाटत असल्यास रक्त अथवा लघवीचा नमुना देता येईल. १९८४ च्या ट्रॉम्बेटा प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने श्वासाचा नमुना जतन करणे पोलिसांवर घटनात्मक बंधन नाही असे ठरविले. ही सूचना त्या उणिवेवरचा वैधानिक उतारा आहे. पूर्ण नकाराची किंमतही तेथे मोठी आहे : पहिल्याच नकारास एक वर्ष परवाना निलंबित होतो. २०१६ च्या बर्चफील्ड निकालाने आणखी एक भेद केला. अटकेच्या अनुषंगाने श्वासचाचणी वॉरंटविना घेता येते. रक्तचाचणी शरीरात शिरणारी असल्याने तिला सामान्यतः वॉरंट लागते.

ब्रिटनमध्ये पुराव्यासाठीच्या श्वासचाचणीचे दोन नमुने घेऊन त्यांतील कमी आकडा धरला जातो. तो कमी आकडाही ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच असल्यास, म्हणजे काठावरच्या प्रकरणात, चालकास रक्त किंवा लघवीच्या चाचणीची मागणी करण्याचा वैधानिक पर्याय होता. हा पर्याय एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाला. डॉक्टर येईपर्यंत जाणाऱ्या वेळात मर्यादा ओलांडलेले चालकही तिच्या आत येतात, हे त्यामागील कारण होते. ही सुधारणा आपल्यालाही विचार करावयास लावते. पर्याय देताना पहिला आकडा रद्द होत असेल, तर पर्यायाचा उपयोग कालहरणासाठी होतो. पहिला आकडा कायम ठेवून दुसऱ्या चाचणीची जोड दिल्यास तो धोका राहत नाही.

९. काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(अ) श्वासचाचणीत मर्यादा ओलांडलेल्या चालकास स्वतःच्या मागणीवरून रक्तचाचणीचा हक्क कलम २०४ मध्ये असावा आणि अधिकाऱ्याने तो तोंडी सांगून त्याची लेखी नोंद घ्यावी. श्वासचाचणीचा निकाल मात्र पुराव्यात कायम राहावा. न्यायालयाने दोन्ही आकडे व त्यांमधील वेळ एकत्र वाचावेत.

(आ) रक्ताचे दोन भाग मोहोरबंद करून एक प्रयोगशाळेकडे जावा व दुसरा फेरतपासणीसाठी शीत स्थितीत राखावा.

(इ) श्वासचाचणीच्या पावतीवर वेळ, यंत्राचा क्रमांक, कोऱ्या हवेचा शून्य आकडा व अंशशोधनाची अखेरची तारीख असावी आणि पावतीची प्रत चालकास मिळावी.

(ई) अपघातात मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास दोन्ही चाचण्या अपवादाविना व्हाव्यात. जखमी चालकाच्या बाबतीत त्या डॉक्टरांच्या संमतीच्या अधीन असाव्यात.

(उ) काठावरील आकड्यांसाठी पंधरा मिनिटांनी दुसरा श्वासनमुना घेऊन कमी आकडा धरावा.

यांतील (इ) व (उ) या सूचनांसाठी कायदा बदलण्याची गरज नाही. कलम २०३ मध्ये 'एक किंवा अधिक' नमुन्यांची तरतूद मुळातच आहे.

१०. समारोप

श्वास आणि रक्त यांतील निवड ही यंत्र व प्रयोगशाळा यांतील स्पर्धा नव्हे. श्वासचाचणी वेळेवर होते, पण पुन्हा तपासता येत नाही; रक्तचाचणी पुन्हा तपासता येते, पण बहुधा उशिरा होते. केवळ श्वासावर विसंबल्यास काठावरच्या निरपराध चालकावर अन्याय होण्याचा संभव राहतो. केवळ रक्तावर विसंबल्यास विलंब, निष्काळजीपणा किंवा गैरप्रकार यांचा लाभ दोषी चालकास मिळतो आणि मृताच्या कुटुंबाच्या हाती काहीच उरत नाही. भारतीय कायद्याने दोन्ही चाचण्यांना क्रमाने स्थान देऊन योग्य पाया घातला आहे. पडताळणीचा हक्क अधिकाऱ्याप्रमाणेच नागरिकालाही मिळाला, तर चाचणीचा आकडा उभय पक्षांना मान्य होण्याची शक्यता वाढेल. शिक्षेची तीव्रता वाढविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे काम निकडीचे आहे.